पेवातली हळद आणि दोन जीबीची फाईल

पत्र: "नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात २६ वर्षं दिवाणजी आहे. २००७ साली शेठच्या ओळखीतल्या एका मुलाने मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये प्रोग्रॅम करून दिला. शेतकऱ्यांची खाती, उचल, आवक, सौदे, हिशेबपट्टी, व्यापाऱ्यांची येणी, सगळं त्यातच आहे. तो मुलगा आता पुण्यात असतो, फोन उचलत नाही. फाईल शेठच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर शेअर केलेली आहे आणि आम्ही पाच जण त्यावर काम करतो. ती आता १.७ जीबी झालीय. सौदे संपले की सगळे एकदम पट्ट्या मारायला बसतात आणि सगळं गोठतं. यंदा सीझनमध्ये दोनदा 'डेटाबेसचा फॉरमॅट ओळखता येत नाही' असं येऊन फाईल उघडेना. अर्ध्या दिवसाच्या पट्ट्या पुन्हा मारल्या, शेतकरी दारात ताटकळत बसले. एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो, हे सगळं फेका, नवीन घ्या, साडेतीन लाख. धाकटे शेठ म्हणतात क्लाउडवर टाकू. मोठे शेठ म्हणतात, एवढी वर्षं चाललं तसं पुढेही चालेल. नुसता डेटा सर्व्हरवर नेता येतो असं ऐकलंय. खरं आहे का? आणि नेलाच, तर माझ्यासारख्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला त्यात काही जागा राहते का?"
एक दिवाणजी, सांगली

दिवाणजी, नमस्कार.

सर्व्हरचं नंतर बोलू, आधी आज संध्याकाळचं काम सांगतो. पाचही जणांना प्रोग्रॅममधून बाहेर यायला सांगा. मग शेठच्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर उघडा. तुमच्या फाईलशेजारी त्याच नावाची एक चिमुकली फाईल दिसते का बघा, शेवटी एलडीबी किंवा एलएसीसीडीबी असलेली. ती दिसत असेल तर कोणीतरी अजून आत आहे. तिकडे कोपऱ्यातल्या टेबलावर स्क्रीन बंद करून चहाला गेलेला कोणीतरी असतोच. ती नाहीशी झाली की मोठ्या फाईलच्या दोन प्रती काढा. एक दुसऱ्या कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राईव्हवर. पेन ड्राईव्ह शेठच्या ड्रॉवरमध्ये नको, तुमच्या खिशातून घरी जाऊ दे. मग प्रतीवर, मूळ फाईलवर नव्हे, ॲक्सेसची 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' ही आज्ञा चालवा आणि आकार किती उरतो तो वहीत लिहून ठेवा.

तो आकडा मला का हवा, ते सांगतो. ॲक्सेसची एक फाईल दोन जीबीच्या पुढे जात नाही, आणि तो आकडा कोणाला पैसे देऊन वाढवून मिळत नाही. मोठ्या शेठना "चालेल" वाटतं, कारण १.७ पर्यंत खरोखरच चाललं. पण पट्ट्यांचा मोठा रिपोर्ट काढताना ॲक्सेस तात्पुरता पसारा मांडतं, नोंदी खोडल्या तरी त्यांची जागा लगेच मोकळी होत नाही, आणि मार्चच्या एखाद्या दुपारी फाईल दोनला टेकते. त्या दुपारी नवीन पट्टी आत जात नाही आणि दारात चाळीस शेतकरी असतात.

आता एक शंका. हळदीच्या पट्ट्या कितीही असल्या तरी नुसत्या आकड्यांनी आणि नावांनी १.७ जीबी भरायला फार मजल मारावी लागते. त्या मुलाने खात्यात शेतकऱ्याचा फोटो किंवा पासबुकाचं स्कॅन ठेवायची सोय केली होती का? जुन्या ॲक्सेसमध्ये फाईलच्या पोटात ठेवलेलं चित्र मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतं. तसं असेल तर चित्रं बाहेर एका फोल्डरमध्ये काढून फाईलमध्ये फक्त त्यांचा पत्ता ठेवायचा. फाईल एकदम रोडावेल आणि हा सीझन निभावेल. गोठण्याचं दुखणं मात्र त्याने जाणार नाही, ते वेगळं आहे.

हरिपूरची पेवं तुम्ही पाहिलेली असणार. जमिनीत खोल खड्डा, वर अरुंद तोंड, आत पोत्यांवारी हळद. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच निकामी केली, पण पद्धत आठवते ना? पेव उघडलं की आधी आतली हवा जाऊ द्यायची, मग माणूस स्वतः खाली उतरून माल वर द्यायचा. तुमची फाईल हे असं पेव आहे. शेठच्या कॉम्प्युटरवर ती नुसती पडून आहे, तिथे तिची राखण करणारं कोणी नाही. ज्याला पट्टी हवी तो आपापल्या टेबलावरून केबलमधून खाली उतरतो, पोती चाळतो, हवं ते उचलतो, लिहायचं ते स्वतः लिहून येतो. पाच जण एकदम उतरले की तोंडाशी चेंगराचेंगरी. एखादा आत लिहीत असताना त्याचा वायफाय गेला, लाईट गेली, तर पान अर्धंच लिहिलेलं राहतं. दुसऱ्या दिवशी ॲक्सेसला ते पान वाचता येत नाही आणि तुम्हाला तो 'फॉरमॅट' वाला निरोप मिळतो.

सर्व्हर म्हणजे गोदाम आणि खिडकीत बसलेला गोदामवाला. आत कोणालाच प्रवेश नाही. तुम्ही चिठ्ठी द्यायची, 'अमक्या शेतकऱ्याची मार्चमधली आवक', तो तेवढंच काढून देतो. चिठ्ठी देताना तुमची लाईट गेली तर चिठ्ठी हरवली, गोदामाला काही झालं नाही. अर्धं लिहिलेलं तो ठेवतच नाही. पूर्ण झालं तर झालं, नाहीतर पुसून पूर्ववत करतो. तुमच्या पाच जणांसाठी या गोदामवाल्याचा पगारही नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे आणि २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीपर्यंत जागा मिळते. फोटो बाहेर काढलेत तर तुमच्या धाकट्या शेठचा मुलगा गादीवर बसेपर्यंत ती पुरेल.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, नुसता डेटा नेता येतो. ॲक्सेसमध्ये दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक टेबलं, म्हणजे वह्या. दुसरं फॉर्म, रिपोर्ट आणि त्यामागचा कोड, म्हणजे तुमची रोजची स्क्रीन आणि छापून येणारी पट्टी. वह्या सर्व्हरवर जातात, स्क्रीन आहे तीच राहते, मधे ओडीबीसी नावाची तार जोडायची. पाचही जणांना सोमवारी सकाळी तोच हिरवा फॉर्म दिसेल, किंवा त्या मुलाने जो काही रंग दिला असेल तो. साडेतीन लाखवाल्याला हे माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. पण नवीन विकायला बसलेला माणूस जुन्याची डागडुजी का सुचवेल?

पोस्टग्रेस, मायएसक्यूएल हे दुसरे गोदामवालेही उत्तम आणि फुकट आहेत. नवीन काही बांधायचं असतं तर मी पोस्टग्रेसच म्हटलं असतं. पण तुमची स्क्रीन ॲक्सेसची राहणार, आणि ॲक्सेसचं त्याच कंपनीच्या सर्व्हरशी जितकं पटतं तितकं परक्याशी पटत नाही. शिवाय टेबलं हलवायला मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं फुकट अवजार आहे, मायग्रेशन असिस्टंट. पूर्वी ॲक्सेसमध्येच एक अपसायझिंग विझार्ड असायचा, तो २०१३ च्या आवृत्तीपासून काढून टाकला. कोणी जुन्या पुस्तकातून तो शोधत बसला तर त्याला हे सांगा.

क्लाउडबद्दल धाकट्या शेठना नाराज करू नका, पण आत्ता नको म्हणा. ॲक्सेसच्या स्क्रीनला सर्व्हर त्याच इमारतीत, त्याच केबलवर असला तर झेपतो. इंटरनेटच्या पलीकडे ठेवला की प्रत्येक क्लिकला जांभई येते, आणि सौदे चालू असताना नेट गेलं तर हात बांधून बसायचं. पुढे स्क्रीनही बदलायची वेळ येईल, तेव्हा त्यांचा मुद्दा पुन्हा काढू.

हे सगळं अवजाराने एका दुपारी होतं. ती दुपार यायच्या आधी दोन महिने जातात ते साफसफाईत, कारण जुनी फाईल फार मवाळ असते. तिने कोणाचं काहीही पोटात घातलेलं असतं. सर्व्हर तसा नाही.

तारखाच घ्या. कोणीतरी घाईत २००९ ऐवजी २०९ मारलं. ॲक्सेसने निमूट घेतलं, त्याला इसवी सन १०० पासून पुढच्या सगळ्या तारखा चालतात. सर्व्हरवरचा तारखेचा जुना प्रकार १७५३ च्या मागे जातच नाही. (इंग्रजांनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, त्याचा हा अवशेष. आपल्याकडे तेव्हा नानासाहेब पेशव्यांचा अंमल.) मग सन २०९ मधली ती हळदीची आवक दारात अडते. नव्या प्रकारात ती अडत नाही, गुपचूप आत जाते, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. म्हणून आधीच प्रत्येक टेबलातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पुढची तारीख काढून बघा. तुमच्याकडे २०७१ सालची एखादी उचलही सापडेल, पैजेवर सांगतो. नवा प्रकार घेतलात तर पाचही कॉम्प्युटरवर ओडीबीसीचा नवा ड्रायव्हर टाकायला लावा. विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या जुन्या ड्रायव्हरला तो प्रकार कळत नाही, तारखा तो साधा मजकूर समजतो आणि तुमचे तारीखवार रिपोर्ट बिघडतात.

दुसरं, हो-नाहीच्या चौकटी. 'पट्टी दिली', 'उचल फिटली' अशा टिकमार्कच्या चौकटीत ॲक्सेस 'हो' साठी उणे एक लिहितं आणि सर्व्हर एक. ऐकायला किरकोळ वाटतं. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेचा डेटा हलवला आणि थकबाकीची यादी सर्व्हरवर नव्याने लिहिली. जुन्या सवयीने अट घातली, थकबाकी बरोबर उणे एक. सर्व्हरवर तसं कोणीच नव्हतं. यादी कोरी आली. अध्यक्ष एवढे खूश झाले की त्यांनी पेढे मागवले. मी पेढा खाल्ला आणि मग घरी जाताना रस्त्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चूक निखळ माझी होती. तेव्हापासून मी अशी अट 'शून्य नसलेले' अशीच लिहितो, ती दोन्हीकडे चालते. त्याच चौकटी सर्व्हरवर कोऱ्या राहिल्या तर आणखी एक त्रास होतो. नोंद सेव्ह करताना 'दुसऱ्या कोणीतरी ही नोंद बदलली आहे' असा खोटा निरोप येतो आणि तुम्ही पाच जण एकमेकांकडे संशयाने बघायला लागता. चौकटीला मुळातच शून्य लावून ठेवायचं आणि प्रत्येक टेबलात रोव्हर्जन नावाचा एक कॉलम वाढवायचा, की तो निरोप जातो. करणाऱ्याला एवढं सांगितलं तरी त्याला कळेल.

आता पैसे, म्हणजे तुमचा प्रांत. हमाली-तोलाईचे पूर्ण रुपये तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठे होतात ते शोधा. ॲक्सेसचं राऊंड फंक्शन बरोबर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येला नेतं: साडेबाराचे बारा, साडेतेराचे चौदा. सर्व्हर साडेबाराचे तेरा करतो. हिशेब स्क्रीनच्या कोडमध्येच होत असेल तर काही बदलणार नाही. पण उद्या कोणी हुशारीने तो हिशेब सर्व्हरवर नेला तर मधूनच एखाद्या पट्टीत रुपयाचा फरक पडेल. आणि रुपयाचा फरक शेतकरी पकडतोच, त्याच्याकडे मागची पट्टी असते. वजनं कुठल्या प्रकारात साठवलीत तेही बघा. डबल (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) असेल तर सर्व्हरवर डेसिमल (नेमका साठवणारा) करून घ्या, तीन दशांशांचं, म्हणजे क्विंटलची बेरीज शेवटच्या किलोला इकडेतिकडे होणार नाही.

पट्टी नंबरावरून सोमवारी सकाळी पहिला आरडाओरडा होईल, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. सध्या नवीन पट्टीत पहिलं अक्षर मारलं की नंबर दिसतो. सर्व्हर नंबर सेव्ह केल्यावर देतो. तोपर्यंत जागा रिकामी. पोरं म्हणतील 'नंबर येईना', आणि कोडमध्ये तो नंबर आधीच उचलणारी एखादी ओळ असेल तर तीही अडखळेल. याहून वाईट प्रकार मी पाहिला आहे. सर्व्हर वेग राखायला आपोआप नंबरांचा एक गठ्ठा आधीच हातात घेऊन बसतो. लाईट जाऊन तो अचानक बंद पडला की तो गठ्ठा वाया जातो. काल ८४१२ नंबरची पट्टी झाली आणि आज एकदम ९ हजार ४०० च्या पुढची. ऑडिटरला तुम्ही काय सांगणार, मधल्या हजार पट्ट्या कुठे गेल्या? म्हणून आपोआप नंबर आतल्या कामाला असू दे. छापायचा पट्टी नंबर वेगळ्या छोट्या टेबलातून एकेक वाढवून घ्यायचा. हे करारात लिहून घ्या.

मराठीचं तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, पण २००७ चा प्रोग्रॅम आहे म्हणजे नावं कृतिदेव, श्री-लिपी किंवा तशाच कुठल्या तरी फॉन्टमध्ये असणार. तपासायची सोपी रीत: शेतकऱ्यांचं टेबल उघडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली की ओळखा. कृतिदेवमध्ये तुम्ही 'राम' वाचता तिथे फाईलमध्ये जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं बसलेली असतात. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. छोटी ई म्हणजे म, मोठी ई म्हणजे अर्धा म्. ॲक्सेसला आणि एसक्यूएल सर्व्हरला नेहमीच्या मांडणीत छोटं-मोठं अक्षर एकच वाटतं. त्यामुळे एवढी वर्षं तुमचा शोध कधीकधी भलतंच नाव का दाखवायचा, त्याचं उत्तर इथे आहे.

सर्व्हरवर हा माल आहे तसा नेता येतो आणि जुन्या स्क्रीनवर जुना फॉन्ट आहे तोवर दिसेलही नीट. मी सांगेन, पहिल्या दिवशी तसाच न्या. घर बदलणं आणि बारसं एकाच दिवशी काढू नये. महिनाभराने शेजारी एक नवा कॉलम करा आणि त्यात युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं त्या पद्धतीत, बदललेलं नाव ठेवा. जुना कॉलम पुसू नका. फॉन्ट बदलून देणारी अवजारं मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी इथे ती घसरतात, तेव्हा नावं माणसाने नजरेखालून घालावी लागतात. नवा कॉलम एनव्हारकार, म्हणजे युनिकोड मजकूर साठवणाऱ्या, प्रकाराचा हवा, त्यातला पहिला एन महत्त्वाचा. साध्या व्हारकारमध्ये मराठी नाव टाकलं की बहुधा प्रश्नचिन्हांची माळ मिळते, आणि एकदा प्रश्नचिन्हं साठवली की मागचं नाव परत येत नाही.

युनिकोड झालं तरी एक भुताटकी उरते. कऱ्हाड हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्ता असलेल्या ऱ पासून. दुसरा, साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडणारं अक्षर घालून. कागदावर दोन्ही हुबेहूब दिसतात, यंत्राला मात्र हे दोन वेगळे शब्द वाटतात. कऱ्हाडकडचे शेतकरी तुमच्याकडे येतच असतील. यादी काढली की निम्मे गायब, आणि स्क्रीनकडे डोळे फाडून बघितलं तरी कारण सापडत नाही. कुठला तरी एक प्रकार ठरवून सगळे त्यात बदलून घ्यायचे.

मग गावांची नावं. कवठेमहांकाळ, कवठे महांकाळ, क. महांकाळ, नुसतं महांकाळ. ही चार गावं नाहीत हे सर्व्हरला कोण सांगणार? आणि उलटही असतं. एकाच नावाचे दोन शेतकरी, एक तासगाव तालुक्यातला आणि एक वाळव्यातला, कोणीतरी बारा वर्षांपूर्वी एका खात्यात घातलेले. एकाच्या उचलीतून दुसऱ्याची वजावट झालेली, पुढच्या वर्षी तोंडी मिटवलेली. कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला हे कळणार नाही. साडेतीन लाखवाल्यालाही नाही, तो आहे तसा डेटा ओतून मोकळा होईल. तुम्ही विचारलंत ना, तुम्हाला जागा राहते का? ही यादी बसून दुरुस्त करणारा माणूस यार्डात एकच आहे आणि तो हे पत्र लिहितो आहे. शेठना कामाचा खर्च सांगाल तेव्हा ही दोन महिन्यांची मेहनतही त्यात धरा आणि तिचं नाव घ्या. फुकटात घातलेली मेहनत कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

मोठ्या शेठशी बोलताना सर्व्हर हा शब्दच काढू नका. यंदा फाईल कोणत्या दोन दिवशी पडली, किती तास गेले, किती पट्ट्या दुबार झाल्या आणि त्या दिवशी वैतागून कोणते शेतकरी शेजारच्या गाळ्यावर गेले, ते एका कागदावर मांडा. चौथी ओळ त्यांना कळेल.

खर्च कशाचा, तर एका स्वतंत्र कॉम्प्युटरचा, त्यात एसएसडी. शेठच्या टेबलावरचा नको, त्यावर ते युट्यूब बघतात. एक बरा यूपीएस. पाचही टेबलांना केबल, वायफाय बंद. आणि जाणत्या माणसाची काही दिवसांची मजुरी. वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं हुशार आहेत, पण त्यांना प्रोजेक्ट म्हणून देऊ नका. त्यांचा प्रोजेक्ट मे महिन्यात संपतो आणि तुमचा प्रोग्रॅम तेव्हा कुठे चालायला लागलेला असतो. एकदा एका पोराच्या भरवशावर राहून झालंच आहे. या वेळी कोड, पासवर्ड आणि केलेल्या बदलांची टिपणं कागदावर तुमच्या ताब्यात घ्या. सर्व्हर इंटरनेटकडे उघडा ठेवू देऊ नका, कोणी 'घरून बघता येईल' म्हणून कितीही गळ घातली तरी. आणि हा कॉम्प्युटर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका पातळी, हे सांगलीकराला मी सांगायला नको. २००५, २०१९, २०२१ तुम्हाला आठवतात.

क्रम असा धरा. सगळ्यात आधी, सर्व्हर येवो न येवो, फाईलचे दोन तुकडे करून घ्या: टेबलं एका फाईलमध्ये शेठच्या कॉम्प्युटरवर, स्क्रीन दुसरीत, आणि स्क्रीनच्या फाईलची प्रत प्रत्येकाच्या आपापल्या कॉम्प्युटरवर. एका संध्याकाळचं काम आहे, फाईल खराब व्हायचं प्रमाण लगेच कमी होतं, आणि पुढे टेबलं सर्व्हरवर गेली तरी स्क्रीनची हीच मांडणी चालू राहते. हलवणं मात्र सीझनमध्ये नको. जानेवारीपासून नवी हळद यायला लागते, मार्चअखेर हिशेब बंद करायचे. तेव्हा जून. तोवर साफसफाई, आणि प्रतीवर किमान तीनदा रंगीत तालीम. दर तालमीनंतर दोन्हीकडच्या बेरजा जुळवा: प्रत्येक टेबलातल्या नोंदींची संख्या, सालवार पट्ट्यांची निव्वळ रक्कम, एकूण क्विंटल, बाकी उचल. पैशापर्यंत. नोंदी जुळल्या आणि रक्कम जुळली नाही असं एकदा तरी होईल, तेव्हा घाबरू नका. तो बहुतेक वेळा वजनाच्या डबलचा खेळ असतो.

खऱ्या दिवशी, यार्डाच्या सुट्टीला, हलवून झालं की जुनी फाईल रीड-ओन्ली करा आणि तिचं नाव बदला. 'थोडे दिवस दोन्ही चालवू' असं धाकटे शेठ म्हणतील. ऐकू नका. दोन दिवसांत निम्म्या पट्ट्या इकडे आणि निम्म्या तिकडे होतात, मग जुळवत बसायला तुम्हीच.

वेगाबद्दल उगाच आशा लावत नाही. पहिल्या आठवड्यात एखादी स्क्रीन पूर्वीपेक्षा हळू उघडेल. जी स्क्रीन उघडताच २००७ पासूनच्या सगळ्या पट्ट्या मागवते ती गोदामवाल्याकडून अख्खं गोदाम खिडकीत आणून घेत असते. तिला उघडताना आधी तारीख किंवा शेतकरी विचारायला लावायचं. अटीमध्ये त्या मुलाने स्वतः लिहिलेलं एखादं फंक्शन घातलं असेल तर तेही सर्व्हरला कळत नाही, सगळ्या नोंदी तुमच्या टेबलावर ओढून मग गाळल्या जातात. अशा चार-पाचच जागा असतात. त्या सापडल्या की मग फरक जाणवतो.

बॅकअपची सवय बदलावी लागेल. चालू सर्व्हरची फाईल नुसती कॉपी करून चालत नाही. त्याला बॅकअपची आज्ञा द्यावी लागते, तो एक बीएके फाईल काढून देतो. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रक लावणारा एजंट नसतो, तेव्हा विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रोज रात्री ती आज्ञा सुटेल असं लावून घ्या. आणि महिन्यातून एकदा ती बीएके फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत उघडून एका शेतकऱ्याची पट्टी छापून बघा. कोणाचीही चालेल, कवठेमहांकाळवाल्याची छापलीत तर नावही तपासून होईल.

पेन ड्राईव्ह आजच घरी न्या. कॉम्पॅक्टनंतरचा आकडा, फोटोंचा कॉलम आहे की नाही आणि एरियल केल्यावर नावं कशी दिसली, एवढं कळवा. मग कुठल्या अवजाराने सुरुवात करायची ते सांगतो.